१४४१६ की १४४४६?

मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन आहे, तिचा क्रमांक १४४१६. व्यसनमुक्तीची वेगळी, तिचा क्रमांक १४४४६. पहिली आरोग्य मंत्रालयाची, दुसरी सामाजिक न्याय मंत्रालयाची. आता निफाडमधला एखादा सोळा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. चार महिन्यांपासून त्याचं कशातच लक्ष नाही, झोप उडाली आहे, ‘जगून काय करायचं’ असं अधूनमधून बोलतो, आणि संध्याकाळी मित्रांबरोबर क्वार्टर संपवतो. त्याने यांतला कोणता क्रमांक फिरवायचा? घरच्यांचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं आणि पुष्कळदा दवाखान्यातही तेच मिळतं: आधी दारू सुटू दे, मग डिप्रेशनचं बघू. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो आला कुठून हे कुणी विचारत नाही. मुलांच्या बाबतीत तो चुकीचा आहे, असं मला पुराव्यावरून वाटतं.

त्याच्या मागे विज्ञान नाही असं मात्र नाही. १९८८ साली सँड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट यांनी दारूच्या आहारी गेलेल्या आणि उपचारांसाठी दाखल झालेल्या १९१ पुरुषांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. दाखल होताना त्यांतल्या ४२ टक्के लोकांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं होती. चार आठवडे दारूविना गेल्यावर ती उरली ६ टक्क्यांत. फार देखणा अभ्यास आहे हा. दारू स्वतःच मेंदूला उदास करते, झोपेची घडी विस्कटते, आणि ती थांबली की अनेकांचं आभाळ आपोआप निवळतं, हे त्याने दाखवून दिलं. पण हे कुणाबद्दल होतं ते पाहा: प्रौढ पुरुष, मूळ आजार दारूचा, आणि चार आठवडे वॉर्डात देखरेखीखाली. शाळकरी मुलाला तसा वॉर्ड मिळत नाही. शिवाय या वयात उदासी आधी आणि बाटली नंतर, असा क्रम बऱ्याचदा असतो. तिथे ‘महिनाभर न पिता राहून दाखव’ ही अट घालणं म्हणजे ज्या गोष्टीसाठी मदत हवी तीच आधी करून दाखव म्हणणं. आत्महत्येचे विचार असलेल्या मुलाबाबत तर हा महिना परवडणाराच नाही.

निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला हे वेगळं समजावून सांगायला नको. डाउनी आणि भुरी हे दोन निराळे रोग, त्यांना मानवणारं हवामान निराळं, औषधंही निराळी. पण डाउनी पुरती जाईपर्यंत भुरीकडे बघायचं नाही, असं कुणी म्हणत नाही. घडावर काय दिसतंय त्यावर फवारणीचा क्रम ठरतो, आणि बागेत फिरणारा माणूस एकच असतो.

क्रमाची थेट परीक्षाही झाली आहे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नैराश्य आणि व्यसन दोन्ही असलेल्या १७० किशोरांचे तीन गट केले होते. एकात व्यसनासाठीची कुटुंब-उपचारपद्धती आधी आणि नैराश्याचा समुपदेशन-वर्ग नंतर, दुसऱ्यात उलट, तिसऱ्यात दोन्ही एकदम. नैराश्य तिन्ही गटांत सारखंच उतरलं. व्यसनाच्या बाबतीत सगळी मुलं एकत्र धरली तर व्यसनापासून सुरुवात केलेला गट उजवा ठरला. पण ज्यांना सुरुवातीलाच गंभीर नैराश्य होतं, त्यांचं व्यसन नैराश्यापासून सुरुवात केल्यावर जास्त कमी झालं. म्हणजे आमच्या निफाडच्या मुलाला लावलेला नियम नेमका उलटा. आणि ‘एकात्मिक उपचार’ या सध्याच्या लाडक्या शब्दाचाही इथे थोडा हिरमोड होतो, कारण दोन्ही एकदम मिळालेला गट कुठेच पुढे नव्हता. सगळं एकदम करा, असा माझाही आग्रह नाही. मूल कोरडं होईपर्यंत मनाचे उपचार रोखून धरू नका, एवढाच आहे.

मग गोळी द्यावी का? फ्लुओक्झेटीन हे नैराश्यावरचं औषध अशा मुलांवर तपासलं गेलं आहे. २००७ साली १२६ मुलांत नैराश्याच्या एका मोजपट्टीवर ते सरस ठरलं, दुसऱ्या मोजपट्टीवर नाही, आणि व्यसनात फरक पडला नाही. २००९ साली ५० जणांत ते खोट्या गोळीच्या पुढे गेलंच नाही. दोन्ही गट सुधारले. या दोन्ही चाचण्यांत सगळ्यांनाच समुपदेशन मिळत होतं, त्यामुळे श्रेय त्याला द्यायचा मोह होतो. पण समुपदेशनाविना ठेवलेला गटच नव्हता, तेव्हा हा निष्कर्षही जरा जपूनच काढायला हवा. (चालू असलेली गोळी यावरून मनाने बंद करू नये.)

‘तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ आणायचा कुठून?’ हा आक्षेप खरा आहे. त्याचं निम्मं उत्तर गोव्यात सापडतं. तिथल्या ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून दोन उपचार करून घेतले. निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीव्र नैराश्यातून तीन महिन्यांत बाहेर आलेले ६४ टक्के, नेहमीच्या उपचारांत ३९. अपायकारक दारूत ३६ विरुद्ध २६. दारूतला फरक लहान, पण खरा. उत्तर निम्मंच म्हणतो, कारण या प्रौढांच्या चाचण्या होत्या, आणि नैराश्याची एक, दारूची दुसरी. तिथेही दोन रांगा!

महाराष्ट्रात ही फारकत विशेष खटकते. पुण्याचं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र म्हटलं की अनिल अवचट आठवतात. पण १९८६ साली ते त्यांच्यासोबत उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या, आणि मुक्तांगण सुरू झालं तेही त्याच आवारात. व्यसनाकडे मनाच्या डॉक्टरने पाहायचं, हे इथे तेव्हाच घडलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारूच्या व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या. खाती तेवढी दोन राहिली.

आणखी एक अडचण सांगितली जाते: मूल अज्ञान, संमती आईवडिलांची, आणि वडिलांसमोर पोरगा तोंड उघडणार नाही. कित्येक घरांत वडीलही पितात. पण म्हणूनच त्या अमेरिकेतल्या चाचणीत व्यसनाचा उपचार कुटुंबाला बसवून केला होता. सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतं. तिथल्या समुपदेशकाने पहिल्या भेटीत मुलाशी एकट्याने बोलावं, झोपेबद्दल आणि मरणाच्या विचारांबद्दल ज्या आवाजात विचारायचं त्याच आवाजात दारूबद्दलही विचारावं, आणि दोन्ही उत्तरं एकाच केसपेपरवर लिहावीत. याला नवा निधी लागत नाही.