लोकनाट्यकार अण्णा भाऊ साठे

जन्म : १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, तालुका वाळवा, तत्कालीन सातारा जिल्हा (सांप्रत सांगली)
निधन : १८ जुलै १९६९, मुंबई

मातंग समाजात जन्मलेल्या व शालेय शिक्षणास जवळजवळ पारख्या झालेल्या अण्णा भाऊंनी, मुंबईत मोलमजुरी करीत अक्षरविद्या आत्मसात करून, १९४४ साली शाहीर अमरशेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले आणि ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ यांसारख्या वगांतून सावकार, भांडवलदार व पुढारी यांच्या कारभाराची भर चौकात झडती घेतली. तमाशाच्या आरंभीच्या गणातील गणेशस्तवनाच्या जागी मातृभूमीस व श्रमिकांस वंदन योजून त्यांनी तमाशास लोकनाट्याची जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती मराठी रंगभूमीस लाभलेली चिरस्थायी देणगी होय.