जळजळ: पित्ताची आणि मनाची

‘हार्टबर्न’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधायची गरज नाही. दिवस भरत आलेल्या कोणत्याही बाईला विचारा! दोन घास जास्त गेले की छातीत जळजळायला लागतं. मग थंड दूध घे, उशी उंच कर, असे उपाय सुरू होतात. पण सातव्या महिन्यातच नवऱ्याचं मन दुसरीवर जडलंय असं कळलं, तर त्या जळजळीवर औषध कोणतं?

नोरा एफ्रन या अमेरिकन लेखिकेनं १९८३ साली ‘हार्टबर्न’ याच नावाची कादंबरी लिहिली, ती या प्रसंगावर. तिची नायिका रेचेल ही पाककृतींची पुस्तकं लिहिणारी बाई. पहिला मुलगा लहान, दुसरं मूल पोटात, आणि नवरा मार्क दुसऱ्याच बाईच्या प्रेमात! रेचेल मुलाला घेऊन वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला वडिलांच्या घरी जाते. मार्क समजूत घालून तिला परत आणतो, पण त्याचं ते प्रकरण काही थांबत नाही. गोष्ट एवढीच. वाचताना मात्र पानोपानी हसू फुटतं. मध्येच बटाट्याचा एखादा प्रकार, मध्येच पुडिंग. प्रेम नवं असताना रेचेल बटाट्याचे खटाटोपाचे कुरकुरीत प्रकार करते. प्रेम संपल्यावर एकटीपुरते मऊ कुस्करलेले बटाटे. चार वाटणं करून नवी नवलाई साजरी करणाऱ्या आणि मन उदास असलं की मऊ भातावर तूप घेऊन बसणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको!

या पुस्तकाचा विषय निघाला, की वाचणाऱ्यांमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘बाईनं झकास केलं! रडत बसण्यापेक्षा हसवलं.’ शेवटी मेजवानीच्या टेबलावर ती लिंबाचा पाय, म्हणजे गोड आंबट केक म्हणा ना, सरळ नवऱ्याच्या तोंडावर मारते, तेव्हा या वाचक मनातल्या मनात टाळ्या वाजवतात. दुसरा तट नाक मुरडतो. ‘सगळं एकतर्फी आहे, घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलंय, आणि ऐन दुःखाच्या जागी पाककृती कशाला?’

चव्हाट्याचा आरोप उगाच झालेला नाही. एफ्रनचं लग्न कार्ल बर्नस्टीन या नामांकित पत्रकाराशी १९७६ साली झालं होतं. वॉटरगेट प्रकरण उजेडात आणणाऱ्या दोन वार्ताहरांपैकी हा एक. ती दुसऱ्या वेळी गरोदर असतानाच त्याचं प्रकरण तिला कळलं आणि १९८० साली घटस्फोट झाला. त्यामुळे कादंबरीतला मार्क कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही. समीक्षकांनी ‘ही कादंबरी कसली, नावं बदललेली हकिकत!’ असा शेरा मारला. त्यावर एफ्रननं पुढे एका प्रस्तावनेत विचारलं, की पुरुष आपल्या आयुष्यावर लिहितात तेव्हा त्यांना हे का ऐकवत नाहीत? प्रश्न बिनतोड आहे, नाही का?

पण मुलांचं काय? मला वाटतं, या पुस्तकावरचा खरा आक्षेप हाच. नवऱ्यानं लेखिकेशी लग्न केलं होतं, त्यानं सोसावं. पण मुलांनी मोठं झाल्यावर बापाची ही फजिती वाचायची? १९८६ साली मेरिल स्ट्रीप आणि जॅक निकल्सन यांना घेऊन चित्रपट निघाला. चित्रपटात बाप मुलांवर माया करणारा असाच दिसला पाहिजे, ही अट बर्नस्टीननं घटस्फोटाच्या करारात घालून घेतली होती. ही अट मला तरी रास्त वाटते. नवरा म्हणून चुकलेला माणूस बाप म्हणून वाईट असतोच असं नाही.

तरीही मी पहिल्या तटातच बसेन. रेचेल सगळ्याची गोष्ट का करते? तर आपली गोष्ट आपण सांगितली, की ती कशी सांगायची हे आपल्या हाती राहतं. लोकांनी कीव करण्यापेक्षा हसलेलं बरं! आपल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये दुसरं काय केलं? १८९५ साली पतीनं धर्मांतर केलं, संसार दुभंगला, काही वर्षं ताटातूट झाली. तो काळ त्यांनी असा सांगितलाय, की डोळ्यांत पाणी असताना ओठांवर हसू येतं. तिथे संसार पुन्हा जुळला, इथे मोडला. पण सांगणारीचं धैर्य एकाच जातीचं.

एक गोष्ट मात्र विसरू नये. रेचेलला हसता येतं, कारण तिच्या हातात स्वतःची कमाई आहे, जायला वडिलांचं घर आहे आणि मोडायला अंगठी आहे. नवऱ्यानं दिलेली ती मोलाची अंगठी ती शेवटी जवाहिऱ्याला विकते आणि मगच घर सोडते. जिच्याकडे यातलं काहीच नाही, तिला ‘हसून घे गं’ असं सांगणं सोपं आहे. लेकीला पाककृती शिकवू तेव्हा तिच्या नावाचं बँकेचं पुस्तकही तिच्या हाती देऊ या.

आणि हो, त्या नवऱ्याला फार आवडणारं सॅलडवरचं ड्रेसिंग पुस्तकाच्या शेवटी दिलंय. दोन मोठे चमचे तयार मोहरीची पेस्ट आणि दोन चमचे रेड वाइन व्हिनेगर काट्यानं फेटायचं, मग सहा चमचे ऑलिव्ह तेल थेंब थेंब घालत दाट होईपर्यंत फेटत राहायचं. असलं ड्रेसिंग गमवायला हा माणूस तयार तरी कसा झाला, याचंच रेचेलला नवल वाटतं!

पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. आणि तुम्ही कोणत्या तटात, तेही ठरवा. जमलं तर घरातल्या पुरुषांनाही वाचायला द्या. ते कुठल्या पानावर गप्प होतात, तेवढं मात्र बघून ठेवा!