फिरती पेटी आणि हरवलेला आवाज

गेल्या वर्षीची गोष्ट. मराठीच्या प्रकल्पासाठी मी वडगाव आणि आसपासच्या खेड्यांतील नऊ वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या. मोबाईलची जागा भरली, तेव्हा पुण्याच्या आतेभावाने आपली जुनी हार्ड डिस्क मला देऊन टाकली. त्याच्याच संगणकावर सर्व ओव्या तिच्यात भरल्या आणि मोबाईलवरच्या पुसून टाकल्या. परत आल्यावर महाविद्यालयातील संगणकाला ती डिस्क जोडली, तर पडद्यावर सूचना आली, ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे.’ संगणकच सांगतो आहे म्हणजे खरे असणार, असे समजून मी होकार दिला. डिस्क उघडली खरी, पण ती रिकामी होती.

मी आठ जणींकडे पुन्हा गेले. “एवढ्यात हरवल्यास होय गं?” असे म्हणत त्यांनी पुन्हा ओव्या म्हटल्या. नवव्या आजी मधल्या काळात वारल्या होत्या. त्यांच्या ओव्या मी वहीत उतरवून घेतल्या होत्या, म्हणून शब्द तेवढे राहिले. आवाज गेला. अशी वेळ आपल्यापैकी कुणावर येऊ नये, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

मुळात घडले काय? हार्ड डिस्क ही एक पेटी आहे असे समजा. पेटीत कोणती वस्तू कोठे ठेवली, याची नोंदवही पेटीतच असते. या नोंदवहीच्या पद्धतीस ‘फाइल सिस्टिम’ म्हणतात. आतेभावाचा संगणक ॲपलचा, म्हणून डिस्कमधील नोंदवही ॲपलच्या पद्धतीची होती. महाविद्यालयातील संगणक विंडोजचा. त्याला ती वाचता येईना. न वाचता येणारी वही म्हणजे कोरी वही, असे समजून त्याने नवी घालू का म्हणून विचारले, आणि मी ‘हो’ म्हटले. खरे तर अशा वेळी जुनी नोंद गेली तरी आतील मजकूर बहुधा लगेच पुसला जात नाही. तिथेच थांबून डिस्क जाणकाराकडे नेली असती, तर कदाचित काही हाती लागले असते. पण मी घाईने त्याच डिस्कवर दुसऱ्या फाइली भरल्या आणि उरलीसुरली आशाही घालवली.

या पद्धती मुख्यतः चार आहेत. ‘फॅट३२’ ही जुनी पद्धत जवळजवळ सर्वत्र चालते, परंतु तिच्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल ठेवता येत नाही. ‘एनटीएफएस’ ही विंडोजची. ॲपलचा संगणक ती वाचतो, पण त्याला तिच्यात स्वतःहून लिहिता येत नाही. ‘एपीएफएस’ ही ॲपलची. विंडोज ती आपणहून वाचत नाही. चौथी ‘एक्सफॅट’. ही मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणली. विंडोज व ॲपल या दोघांनाही ती वाचता-लिहिता येते, आणि २०१९ पासून लिनक्सच्या गाभ्यातही तिची सोय झाली आहे. निरनिराळ्या संगणकांवर डिस्क फिरवायची असेल, तर ‘एक्सफॅट’ निवडावी. तिच्यात एक उणीव आहे. लिहिण्याचे काम चालू असताना डिस्क ओढून काढली, तर नोंदवही बिघडण्याचा धोका तिच्यात अधिक. म्हणून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय डिस्क कधीही काढू नये.

आता खरेदीविषयी. आमच्या वडगावच्या बाजारात जनावर घेणारा शेतकरी आधी दात पाहतो, मग चालवून पाहतो. डिस्क घेतानाही प्रथम तिच्याकडून काम कोणते घ्यायचे ते ठरवावे. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क स्वस्त पडते, पण चालू असताना धक्का लागला तर बिघडू शकते. ‘एसएसडी’मध्ये हलणारा भाग नसतो. ती वेगवान असते आणि रोज एसटीने ये-जा करणाऱ्याला सोयीची. मात्र तेवढ्याच जागेला पैसे जास्त. वर्षानुवर्षे न जोडता कपाटात ठेवण्यासाठी मात्र ती तितकीशी योग्य नाही. जागा किती लागेल? उत्तम प्रतीच्या, न दाबलेल्या ध्वनिमुद्रणाच्या एका तासाला सुमारे ६०० एमबी लागतात. म्हणजे शंभर तासांना ६० जीबी. केवळ ओव्यांसाठी १ टीबी पुष्कळ झाली.

१ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसते, म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत. माल तोच, मापे दोन.

डिस्क आणल्यावर तिच्यात काही असेल तर ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे. मग विंडोजवर डिस्कच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून ‘फॉरमॅट’ निवडावे आणि फाइल सिस्टिमच्या रकान्यात ‘एक्सफॅट’ घ्यावे. ॲपलवर हेच काम ‘डिस्क युटिलिटी’त ‘इरेज’ने होते. त्यानंतर एखादी छोटी फाइल भरून घर, महाविद्यालय आणि मित्र अशा सर्व ठिकाणच्या संगणकांवर ती उघडून पाहावी. ही परीक्षा झाल्याशिवाय खरा ऐवज तिच्यात ठेवू नये. फाइलींच्या नावांत प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन टिंब किंवा तिरकी रेघ घालू नये. विंडोजला ती चालत नाहीत. झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी ही डिस्क नेऊ नये. तेथील संगणकाला दिवसभर कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागतात. त्या कामाला वेगळा पेनड्राइव्ह ठेवावा.

मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पेटी उघडली तरी आतील अक्षर वाचता येईलच असे नाही. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. युनिकोडमध्ये लिहिले की ही अडचण राहत नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. एकच प्रत असणे म्हणजे प्रत नसल्यासारखेच. जाणकार सांगतात की प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कोल्हापूर जिल्ह्याला ‘दुसऱ्या गावी’ कशासाठी, हे समजावून सांगायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. त्या संग्रहातील कित्येक ओव्या आज घरबसल्या ऐकता येतात. जमवणाऱ्यांचे कष्ट तर त्यामागे आहेतच. पण जमवलेले नीट जपून, वेळोवेळी नव्या साधनावर उतरवून ठेवणाऱ्यांचेही आहेत.

माझ्या आठ जणींच्या ओव्या आता तीन ठिकाणी आहेत. एक प्रत माझ्या डिस्कवर, एक विभागाच्या संगणकावर आणि एक पुण्याला आतेभावाकडे. नवव्या आजींची वहीची पानेही छायाचित्रे काढून त्यांच्यासोबत ठेवली आहेत. त्यांच्या घरचे अधूनमधून भेटतात आणि विचारतात, “आमच्या आईचा आवाज हाय न्हवं तुझ्याकडं?” त्यांना काय सांगावे, हे मला अजून सुचलेले नाही.