सोलरचा करंट साधा नव्हे



पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी, मिस्सा झाल्यावर, एक गृहस्थ आपल्या नव्या सोलर पंपाविषयी मोठ्या आनंदाने सांगत होते. बोलता बोलता म्हणाले, "फादर, आता पोरांची काळजी मिटली. लाइटचा करंट माणसाला धरून ठेवतो. सोलरचा करंट म्हणजे बॅटरीचा, तो काय करतो?"

त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यापायी जीव जाऊ शकतो, म्हणून हा विषय घेतला.

डीपीवरून मोटारीला येणारा प्रवाह सेकंदाला 100 वेळा दिशा बदलतो. त्याला प्रत्यावर्ती प्रवाह किंवा एसी म्हणतात. बॅटरी आणि सोलर पॅनेल यांतून निघणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. तो दिष्ट प्रवाह, म्हणजे डीसी. एसीच्या हेलकाव्यांनी स्नायू आखडतात आणि आखडलेलेच राहतात. त्यातही मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट. म्हणून तार हातात आली की सुटत नाही. "करंटने ओढून घेतले" असे आपण म्हणतो. खरे तर आपलाच हात तार धरून बसतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चार्ल्स डॅलझिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हे मोजले. एसीचा प्रवाह सुमारे 16 मिलिअँपिअर झाला की सरासरी पुरुषाला तार सोडवेना, स्त्रियांना तर साडेदहालाच. डीसीत हेच आकडे सुमारे 76 आणि 51 निघाले. आपल्या घरातला शंभर वॅटचा जुना बल्ब 400 हून अधिक मिलिअँपिअर घेतो, यावरून हे आकडे किती लहान आहेत ते कळेल. हृदयाची लय बिघडवण्यासही एसी कमी पुरतो. मग हृदय ठोके देत नाही, नुसते थरथरते, आणि रक्त पुढे जात नाही.

एवढ्यावरून डीसी निर्धोक ठरत नाही. आपल्याकडची पुष्कळ माणसे कामधंद्यासाठी मुंबईला गेलेली आहेत. तिथली विजेची लोकल 1925 साली सुरू झाली ती 1,500 व्होल्ट डीसीवर. गाडीच्या टपावर चढणारे त्या तारेनेही दगावले. 2012 ते 2016 या काळात मुंबईच्या मार्गांवर 25,000 व्होल्ट एसी आला. त्या तारेला हात लावण्याचीही गरज नाही, जवळ गेले तरी पुरे.

आता आपल्या रानाकडे येऊ. एका मोठ्या पॅनेलचा दाब 40-45 व्होल्ट असतो. पंपासाठी अशी दहा पॅनेले एकापुढे एक जोडली की 400 व्होल्टच्या वर गेलो. घरातल्या लाइटचे 230 आहेत! शिवाय डीपीचा फ्यूज काढता येतो, सूर्याचा काढता येत नाही. कंट्रोलर बंद केला तरी पॅनेलपासून त्याच्यापर्यंतची वायर ऊन असेतो जिवंतच राहते. कित्येक पंपांत कंट्रोलरच्या पुढे मोटारीला एसीच जातो, तेव्हा एकाच खांबावर दोन्ही धोके नांदतात.

आणखी एक खोड डीसीला आहे. एसीचा प्रवाह दिशा बदलताना क्षणभर शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी लवकर विझते. डीसीची ठिणगी जाळ होऊन तशीच पेटत राहते. पंप चालू असताना पॅनेलच्या वायरची जोडणी ओढून काढू नये. हात आणि तोंड भाजते. घरचे साधे बटणही त्या वायरीत बसवू नये. उंदराने कुरतडलेली वायर चिकटपट्टी गुंडाळून वापरू नये. पॅनेल धुवायचे ते भल्या पहाटे, पंप बंद करून, वायरी शाबूत आहेत हे पाहून. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. त्या चिखलात अनवाणी उभे राहून कंट्रोलरला हात लावणे तर नकोच.

रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाइट सोडणारे अजून आहेत. हा गुन्हा आहे, आणि त्यात डुकराआधी शेजाऱ्याचे पोर सापडते. झटका मशीन वेगळे: त्याचा झटका क्षणाच्या लहानशा अंशापुरता असतो, मध्ये सुमारे सेकंदभर खंड पडतो, तेवढ्यात हात सुटतो.

कोणी चिकटलाच, तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच पाडा. सोलरच्या वायरीला चिकटला असेल आणि पॅनेलकडचा स्विच पाडूनही सुटत नसेल, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने वायर दूर सारा. खांबावरची मोठी तार तुटून पडली असेल, तर जवळही जाऊ नका, 1912 ला फोन करा. माणूस सुटल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी, सुमारे 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा. मातीत पुरण्यात वेळ घालवू नका. उठून बसला, चहा प्यायला, तरी दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्या.

त्या गृहस्थांच्या रानात मी नंतर जाऊन आलो. कंट्रोलरच्या डब्याला झाकण नव्हते आणि शेजारच्या खिळ्याला ओले टॉवेल टांगले होते. झाकण त्याच संध्याकाळी बसले. टॉवेल मी स्वतः काढले.