बिनतारी नियंत्रणातील मौनाचा अर्थ

भाषाशास्त्रात शून्य-प्रत्ययाची कल्पना सुपरिचित आहे. 'दगड पडला' व 'दगड पडले' या दोन वाक्यांत 'दगड' हे रूप बदलत नाही. तथापि 'झाड–झाडे' यांसारख्या जोड्यांमुळे तेथे अनेकवचनी प्रत्ययाची अपेक्षा असते, आणि म्हणूनच त्याचा अभाव अर्थपूर्ण ठरतो. पाणिनीने अशा अदर्शनास 'लोप' ही संज्ञा दिली. जेथे अपेक्षा नाही, तेथे अभावालाही अर्थ नाही. इमारतींच्या स्वयंचलित नियंत्रणासाठी योजल्या जाणाऱ्या बिनतारी जाळ्यांना हेच तत्त्व लागू पडते.

अमरावती शहरास मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणाचे पाणी मिळते. राजापेठेतील एखाद्या बहुमजली इमारतीत हे पाणी तळाच्या हौदात साठवून मोटारीने गच्चीवरील टाकीत चढविले जाते, असे समजू. टाकीतील संवेदक पाण्याची पातळी बिनतारी संदेशाने खालच्या नियंत्रकास कळवितो. तारेसाठी भिंती फोडाव्या लागत नाहीत, हा त्याचा उघड लाभ होय. परंतु मधल्या प्रत्येक मजल्याच्या सळ्या घातलेल्या स्लॅबमधून जाताना लहरी क्षीण होतात.

आता संवेदक गप्प राहिला, तर नियंत्रकाने काय समजावे? पातळी बदललेली नाही, संदेश वाटेत हरवला, की संवेदकाची बॅटरी संपली? अशा जाळ्यांसाठी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८०२.१५.४ या प्रमाणकाने या प्रश्नाचे अंशतः उत्तर दिले. प्रेषक सामान्यतः वाहिनी मोकळी असल्याची खात्री करून मगच बोलतो; मागितल्यास ग्राहक पोच देतो; पोच न आल्यास संदेश पुन्हा धाडला जातो. मात्र पुनरुक्तीलाही मर्यादा असते, आणि मृत संवेदक पुनरुक्ती करीत नाही.

म्हणून 'टाकी भरली' या एकाच संदेशावर विसंबणारी रचना सदोष होय. तो हरवल्यास मोटार चालूच राहते आणि दुर्मीळ पाणी वाहून जाते. याउलट, संवेदकाने ठराविक अवधीने 'टाकी भरलेली नाही' असे सांगत राहावे, आणि सलग काही हजेऱ्या चुकताच नियंत्रकाने मोटार थांबवावी, असा नियम केल्यास मौनाला निश्चित अर्थ प्राप्त होतो.

हा अर्थ सर्वत्र एकच नसतो. मोटारीच्या बाबतीत मौन म्हणजे 'थांब'. आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या दाराच्या विद्युत्-कुलपास मात्र मौन म्हणजे 'उघड' असेच असले पाहिजे. येथे चूक झाल्यास माणसे आत अडकतील. संदेशांची शब्दावली कितीही समृद्ध असली, तरी मौनाचे व्याकरण आधी ठरविल्याखेरीज अशा इमारतीस सुज्ञ म्हणता येणार नाही.