धाप लागली की बसूनच राहायचं?

दोन जिने चढून धाप लागली की घरातला सल्ला ठरलेला असतो, "दगदग नको, बसून राहा." हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णाला तर तो उठता-बसता ऐकावा लागतो. सांगणाऱ्याच्या पोटात माया असते, पण बहुतेक वेळा या सल्ल्याने रुग्णाचं नुकसानच होतं. त्याच्या मुळाशी धापेबद्दलचे काही पक्के गैरसमज आहेत.

सर्वांत खोल रुजलेला समज असा, की धाप लागली म्हणजे रक्तातला ऑक्सिजन घटला. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जिवाच्या आकांताने धावताना हा आकडा १०० लिटरच्या पुढे जातो आणि तरीही त्याच्या रक्तातला ऑक्सिजन जवळपास होता तेवढाच राहतो. श्वास वाढतो तो मुख्यतः स्नायूंत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी, शिवाय मेंदूकडून आणि हलत्या स्नायूंकडून येणाऱ्या संदेशांमुळे.

हृदय दुबळं झालेल्या बहुतेक रुग्णांचंही असंच असतं. चालताना ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवतो आणि माणूस मात्र धापा टाकत असतो. घरच्यांना वाटतं, हा उगाच घाबरतोय. पण धाप खरीच असते. फुप्फुसाच्या काही भागांत हवा पोचते, पण हृदयाच्या दुबळेपणामुळे तिथे पुरेसं रक्त पोचत नाही. तेवढा श्वास वाया जातो. निरोगी माणसाला एक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला २५ ते ३० लिटर हवा पुरते, हृदयविकार बळावलेल्या रुग्णाला ३५ किंवा ४० लिटरही लागते. हृदयरोगतज्ज्ञ हा आकडा गंभीरपणे घेतात, कारण रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज त्यावरून बराच बांधता येतो.

सीओपीडीची, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसविकाराची, कथा निराळी. हा रुग्ण सांगतो, "हवा आतच जात नाही." वास्तविक अडचण हवा बाहेर पडण्याची असते. श्वासनलिका अरुंद झालेल्या, त्यात चालताना श्वासाची गती वाढली की उच्छ्वासाला वेळ अपुरा पडतो. प्रत्येक श्वासातली थोडी हवा मागे साचत जाते, छाती फुगते आणि पुढचा श्वास घ्यायला आत जागाच उरत नाही. म्हणूनच "जोरात श्वास आत घ्या" हा आपुलकीचा सल्ला इथे उलटा पडतो. जिन्यात थांबलेला असा रुग्ण नीट पाहावा. दोन्ही हात कठड्यावर टेकलेले, खांदे वर उचललेले आणि शीळ घालताना करतात तसा ओठांचा चंबू. त्या चंबूतून हवा सावकाश सोडली की श्वासनलिका आतून थोड्या उघड्या राहतात आणि साचलेली हवा निघते. कित्येकांना हे कुणी शिकवलेलंही नसतं.

"बिडी कधी ओढली नाही, मग हा आजार कसा?" हा प्रश्नही गैरसमजातूनच येतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर सविस्तर लिहिलं. चुलीच्या धुरानेही हा आजार होतो, म्हणून चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायकांची धाप "वय झालं" म्हणून सोडून देणं हा अन्याय आहे.

ऑक्सिमीटरवर विसंबण्याची दुसरीही बाजू आहे. फुप्फुसाच्या ऊती जाड आणि कडक होणाऱ्या आजारांत बसल्या जागी ऑक्सिजन ९६ टक्के दिसतो आणि थोडं चालताच ८५. फुप्फुसातल्या केशवाहिनीतून जायला लाल पेशीला एरवी सुमारे पाऊण सेकंद मिळतो, जोराच्या श्रमात तो पाव सेकंदावर येतो. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत जाड झाली की तेवढ्यात ऑक्सिजन भरून घेणं जमत नाही. म्हणून चालवून पाहावं लागतं. कोरोनाच्या साथीत घरोघरी पोचलेली सहा मिनिटं चालण्याची चाचणी रुग्णालयात ३० मीटरच्या सपाट मार्गिकेत घेतात. रुग्णाने आपल्या चालीने चालायचं, वाटलं तर थांबायचं, घड्याळ मात्र चालूच राहतं.

मग व्यायामाने फुप्फुस सुधारतं का? नाही. आणि तरीही धाप कमी होते. बसून राहिलेल्या माणसाच्या मांड्या झिजतात, असे स्नायू थोड्याशा श्रमातही लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि श्वासावरचा भारही. पाय बळकट झाले की तेवढ्याच चालीला कमी श्वास पुरतो. सीओपीडीतल्या, व्यायामावर आधारलेल्या पुनर्वसनावरच्या ६५ चाचण्यांचा 'कॉक्रेन' या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१५ साली एकत्र आढावा घेतला, तेव्हा धाप, चालण्याची क्षमता आणि जगण्याचा दर्जा या तिन्हींत सुधारणा स्पष्ट दिसली. हृदयरुग्णांच्या २००९ च्या 'एचएफ-ॲक्शन' चाचणीत २,३३१ जण होते. मृत्यू आणि रुग्णालयात भरती होण्याच्या प्रमाणात फार मोठा फरक पडला नाही, पण व्यायाम सुरक्षित ठरला आणि रोजचं जगणं थोडं सुकर झालं.

घरी ऑक्सिजनचा सिलिंडर आणून ठेवला की प्रश्न मिटला, हेही खरं नाही. ऑक्सिजन फारच खालावलेल्या सीओपीडी रुग्णांना तो रोज १५ तास किंवा अधिक दिल्याने आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१ च्या चाचण्यांनी दाखवलं. मध्यम घट असलेल्या ७३८ रुग्णांवरच्या २०१६ च्या अमेरिकी चाचणीत मात्र तसा फायदा आढळला नाही.

व्यायामाची सुरुवात तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी. चालताना वाक्य बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत धाप बहुतेकांना चालते. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर तिथेच थांबायचं. बसूनही धाप ओसरत नसेल, रात्री तिने झोपेतून उठवलं किंवा पायांवर सूज चढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.