कौलारू डोंबिवली कुठे गेली?

डोंबिवली पूर्वेला फडके रोड, रामनगर, टिळकनगर या पट्ट्यात एकेकाळी कौलारू घरे होती, त्यांना अंगणे होती, विहिरी होत्या. ती मालकांच्या लोभापायी गेली, असे सर्रास म्हटले जाते. मला हे निदान अपुरे वाटते. रेल्वे 1854 मध्येच कल्याणला पोचली, तरी डोंबिवली कितीतरी दशके खेडेच राहिली. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईच्या दाटीला आणि भाड्याला कंटाळलेला पांढरपेशा हळूहळू लोकलच्या भरवशावर इथवर सरकला. 1924 मध्ये गणेश मंदिर संस्थान उभे राहिले; नुसते रात्रीपुरते टेकणारे लोक असे काही उभारत नाहीत.

मात्र या वस्तीला आखणारा कोणी नव्हता. दादर-माटुंग्याला 1898 च्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आधी रस्ते दिले, मग भूखंड, आणि भाडेपट्ट्यात बांधकामाच्या अटी. इथे वाड्यांचे आणि शेतांचे तुकडे पडत गेले आणि दोन कुंपणांमध्ये उरली ती वाट झाली. त्यात 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे 1940 च्या पातळीशी बांधले. भाडेकरू ठेवलेल्या घराचे कौल शाकारायलाही ते भाडे पुरेना. 1963 मध्ये मालकीच्या फ्लॅटांचा कायदा आला आणि पडक्या घराखालची जमीन घराहून मोलाची ठरली. कोणी म्हणेल, भाडेकायदा दादरलाही होताच, मग पारशी कॉलनी कशी टिकली? तिथे पट्ट्याच्या अटी होत्या आणि त्यांची राखण करणारा एकजिनसी समाज होता. डोंबिवलीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. कल्याण-डोंबिवली महापालिका तर 1983 ची.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: घरे जायला नको होती, असे म्हणणारे आपण कोण? एका अंगणाच्या जागी दहा-बारा कारकुनी कुटुंबांना स्वतःचे छप्पर मिळाले, हे खरेच, आणि त्याची किंमत कमी लेखू नये. पण गल्ल्यांची रुंदी दोन-तीन बिऱ्हाडांच्या बेताचीच राहिली. पाण्याचा टँकर आत शिरताना अडतो, तो त्या जुन्या कुंपणांपाशीच.